पप्पांचे पाय

लेकीने कोमट पाण्याची परात पुढ्यात ठेवली आणि साबणाच्या वासाने मला पप्पा आठवले.

आम्ही मेनोनाइट ख्रिस्ती. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्यात एकमेकांचे पाय धुतात. खंडाळ्याला रेल्वेत असलेल्या पप्पांचे पाय मी धुवायचे. त्यांना भारी गुदगुल्या होत. ते पाय ओढून घेत, पाणी सांडे आणि आई चिडे.

शेवटच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले होते. मी त्यांचा तळवा चोळत होते, आणि पाय जागचा हलत नव्हता.

"अगं, सुरू कर की," छताकडे बघत पप्पा म्हणाले. "पाणी गार होईल."

"करते, पप्पा."

त्याच आठवड्यात ते गेले.

मला गुदगुल्या होत नाहीत. तरी लेकीचा हात लागला की मी पाय ओढून घेते.