दोष क्रमांक एक

"नंतर म्हणू नकोस, सांगितलं नव्हतं."

हे वाक्य आठवलं की आजही मी केलेलं काम पुन्हा एकदा तपासते. अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या आमच्या ऑफिसात, सगळे ज्यांना काका म्हणायचे ते, टेस्टर होते. म्हणजे आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. मी आठवडाभर डोकं फोडून काहीतरी पाठवावं आणि यांनी चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी उभं राहावं. "छान झालंय गं. फक्त चौदा ठिकाणी बिघडतंय." वर ते वाक्य. आणि एकदा काढलेली चूक स्वतः तपासल्याशिवाय बंद करायची नाही. "काका, फिक्स केलं, आता क्लोज करा ना," म्हटलं की शांतपणे विचारायचे, "तू म्हणतेस म्हणून?" देवा, कितीदा वाटलं, हा माणूस रिटायर का होत नाही एकदाचा!

असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेलच. पण त्याच्या गॅरेजमध्ये काकांच्यासारखी गाडी नसेल. लालभडक, दोन दारांची, टप खाली होणारी, साठच्या दशकातली, दांडग्या इंजिनाची मसल कार. सुरू केली की अख्ख्या गल्लीतली कुत्री भुंकायची. भंगारात पडलेली ही गाडी काकांनी अकरा वर्षं एकट्याने खपून उभी केली. तेवढी अकरा वर्षं काकूंची गाडी बाहेर उन्हापावसात. बरं, एवढं करून चालवायचे कशी? टप बंद करून, बैलगाडीच्या वेगाने. "वाऱ्याने कान दुखतात," म्हणायचे.

रिटायर झाल्यावर दोघांनी ठरवलं, घर विकून अ‍ॅशबर्नला लेकीकडे जायचं. तिथे गॅरेज नव्हतं. म्हणजे महिनाअखेरपर्यंत गाडी विकायलाच हवी होती.

जाहिरात लिहायला काकांनी मला बोलावलं. "तू डेव्हलपर. तुला सगळं चांगलंच दिसतं." मी झकास लिहून दिलं: अप्रतिम स्थितीत, जिवापाड जपलेली. काकांनी त्यातलं एक अक्षर बदललं नाही. फक्त बघायला येणाऱ्यांसाठी एक यादी छापून ठेवली. एकतीस दोष. प्रत्येकापुढे गंभीर, मध्यम की किरकोळ, आणि तो घडवून कसा बघायचा त्याची रीत. मी ती वाचली नाही. त्यांच्या याद्यांचा मला ऑफिसातच वीट आला होता. काकूंनीही वाचली नाही.

पहिले आले ते एक दातांचे डॉक्टर. गाडी बघूनच खूश! काका त्यांना फेरीला घेऊन गेले. "वळताना डावं दार खडखडतं. थांबा, ऐकवतो." दार बिचारं गप्प. मग दुसरी फेरी, मग तिसरी. शेवटी एकदाचं ते खडखडलं, तेव्हा काकांचा चेहरा फुलला आणि डॉक्टरांचा पडला. यादीची घडी खिशात घालून, "लव्हली, लव्हली," म्हणत ते जे गेले ते गेलेच.

"अहो, गाडी विकताय की तिच्या चहाड्या सांगताय?" काकू म्हणाल्या.

नंतरचे चौघेही तसेच गेले. इथल्या महाराष्ट्र मंडळात सगळे म्हणायला लागले, यांना विकायचीच नाहीये. मलाही तेच वाटत होतं. एकदा न राहवून मी बोललेच, "काका, जीव अडकलाय ना गाडीत? मग सरळ सांगा की! हे नाटक कशाला?"

मला वाटलं चिडतील. त्यांनी टेबलावरचा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "नंतर कोणी म्हणायला नको," एवढंच म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक साठीच्या बाई आल्या. जन्मभर शाळेच्या बसेस दुरुस्त केलेल्या. आल्याचा चहा दोन कप प्यायल्या आणि यादी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागल्या.

"एक. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक. गंभीर. तो मी बसवला तेव्हा माझा उजवा हात थरथरत होता. दोन वर्षांपासून थरथरतो. माझ्या कामावर भरवसा ठेवू नका."

काकू ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"दोन वर्षं? मला नाही सांगितलंत? गाडी बघायला येणाऱ्या सोम्यागोम्यांना सांगितलंत!"

"तू कुठे त्या गाडीत बसणार होतीस," काका म्हणाले. अगदी खरं वाटून म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाटक म्हणाले होते मी त्याला.

बाईंनी आपल्या ट्रकमधून जॅक आणला, चाक काढलं आणि बराच वेळ आत बघत बसल्या. मग हात पुसत म्हणाल्या, "ब्रेक उत्तम आहे. मीसुद्धा असाच बसवला असता."

"तुम्ही म्हणता म्हणून?" काकांनी विचारलं.

बाई हसल्या. चाक बसवून त्यांनी टप खाली केला आणि काकांना शेजारी बसवलं. काकूंनी ट्रे माझ्या हातात दिला. "मीही येणार," म्हणाल्या आणि साडी सावरत मागच्या सीटवर चढल्या. गाडी घरात आल्यापासून पहिल्यांदा. रिकाम्या रस्त्यावर बाईंनी तीनदा करकचून ब्रेक मारला. तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी थांबली.

परत आल्यावर काकांनी खिशातलं पेन काढून पहिल्या दोषावर काट मारली. रेघ नागमोडी आली. उरलेल्या तीस दोषांसकट बाई गाडी घेऊन गेल्या.

सोमवारी काकूंनी काकांना डॉक्टरांकडे नेलं. कंपवात निघाला. ड्रायव्हिंग बंद.

ते अ‍ॅशबर्नला निघाले तेव्हा मी निरोपाला गेले होते. उन्हापावसात रंग उडालेली काकूंची गाडी सामानाने भरली होती. काकू स्टिअरिंगवर बसल्या, आरसा नीट केला आणि शेजारी बघून म्हणाल्या, "मी जोरात चालवते हं. नंतर म्हणू नका, सांगितलं नव्हतं."

काकांनी सीटचा पट्टा तेवढा दोनदा ओढून बघितला.

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा खिडकीतून त्यांचा उजवा हात बाहेर आला होता आणि हलत होता. मी तो टाटाच धरला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले.