पत्र्याच्या दुकानातला मुका

माणूस पाह्यला की मी त्याला बराबर ओळखतो. एकदा माझ्याच साडूला हमाल समजून पोतं उचलायला लावलं, तेवढं सोडा.

एमआयडीसीच्या रस्त्याला देशी दारूचं पत्र्याचं दुकान होतं. तिथं रोज संध्याकाळी एक रोलिंग मिलवाला यायचा. शर्टाला ठिणग्यांची भोकं. त्यानं एक बोट वर केलं की मालक गिलास द्यायचा. मिलमधी दिवसभर लोखंड आदळतं, इथं पंख्याचाबी आवाज नव्हता. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून तो घोट घोट प्यायचा. मी समोर बसून बोलत राह्यचो. कितीक वर्षं बोललो, पण त्यानं कधी हूं का चूं केलं न्हाई. मंग मीच सगळ्यांना सांगून टाकलं, बिचारा मुका हाय.

औंदा रस्ता रुंद झाला आन् दुकान गेलं. समोर परमिट रूम आली. काचेचं दार, भिंतीएवढा टीव्ही. परवा तो तिथं आल्ता. सगळे कोपरे बसून पाह्यले, पण टीव्हीचा आवाज सगळीकडं सारखाच. शेवटी त्यानं टीव्हीकडं बोट केलं. वेटरला काही कळेना. मी जल्दी उठलो.

"मुका हाय तो. त्याचं मला बिलकुल कळतं. आवाज वाढव!"

वेटरनं वाढवला. त्या माणसानं डोळे मिटले, उघडले, आन् चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "भाऊ, आधी तो टीव्ही बंद कर. मंग ह्यांना."