गेंडा पुढं करताना

माझा धाकटा भाऊ आमच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहतो. त्याने पुण्याहून जादूई प्राण्यांच्या पत्त्यांचा खेळ आणला आणि माझी मुलगी त्याची झाली. रविवारी जेवण उरकलं की ती वर पळते. तिचं हसणं जिन्यातून खाली येतं, आणि मी मोबाईलवर सेलूचे कापसाचे भाव बघत असल्याचं दाखवतो.

मी जळतो. ज्याला स्वतःचं मूल नाही अशा सख्ख्या भावावर जळतो.

म्हणून दुकानात बसून मी नियम शिकलो. प्रत्येक प्राण्याला ताकदीचा आकडा असतो. एका फेरीत त्याहून कमी मार बसला तर तो जगतो आणि फेरी संपताच जखमा भरून येतात. तेवढा किंवा जास्त बसला, की मेला. समोरचा चालून आला की आपला प्राणी आडवा घालायचा, नाहीतर मार आपल्याला.

एका रविवारी मीही वर जाऊन मुलीसमोर डावाला बसलो. माझा गेंडा पाच ताकदीचा. मार खात राहिलो, पण तो जागचा हलवला नाही.

"पप्पा, प्राणी हायत का कापूस? भाव येईल म्हणून दाबून ठेवायलात?"

"दादा व्यापारी हाय ना माय," भाऊ हसला. त्याने मागून हात घालून माझा गेंडा पुढं सरकवला. तीनचा मार बसला, गेंडा जगला. मुलीनं टाळी दिली ती काकाला. तो जगणार हे मला ठाऊक होतं, तरी माझा हात उठला नव्हता.

पुढच्या रविवारी भाऊ सासरी सोनपेठला गेला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मुलगी पत्ते घेऊन खाली आली.

या वेळी मी गेंडा पुढं केला. त्याला तीनचा मार बसला. त्याच फेरीत तिनं आगीचा पत्ता टाकला, आणखी दोनचा मार.

"आता जगला का मेला? काकाला फोन लावू?"

"नको," मी घाईनं म्हणालो. जगला म्हटलं असतं तर डाव माझा होता. "मेला. एका फेरीतल्या माराची बेरीज धरतात."

ती जिंकली. जिंकल्यावर तिनं फोन लावलाच.

"काका, आज पप्पांनी स्वतः गेंडा पुढं केला! लय भारी!"

पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. मी पुढच्या डावासाठी पत्ते पिसत राहिलो.