अनामिकेचं नख

माझ्याकडे दोन गिटार आहेत, पण एकट्याचा कार्यक्रम असला की मी जुनीच नेतो. तारांचा आवाज थेट स्पीकरला देणारा पिकअप तिच्यात बसवलेला आहे, तरी माझा भरवसा समोरच्या माइकवर. तारा छेडायची पट्टी, प्लेक्ट्रम, मी वापरत नाही, उजव्या हाताच्या नखांनी वाजवतो. म्हणून ती जपावी लागतात. घट्ट बसलेला डबासुद्धा बायको उघडून देते.

नांदेडच्या कार्यक्रमाला लातूरहून बसनं निघालो. खिडकीची अडकलेली काच सरकवायला गेलो आणि अनामिकेचं नख पार तुटलं. सगळ्यात बारीक तार त्याच बोटाची, गाण्याची चाल तिच्यावरच. उरलेला प्रवास मी ते बोट चाचपत बसलो.

नांदेडला ताईच्या घरी पोचताच म्हणालो, "संध्याकाळचं जमणार नाही असं कळवतो."

"लई विचार करून राहिलास," ताई म्हणाली. "चल माझ्यासंगं."

तिनं मला गल्लीतल्या ब्यूटी पार्लरमध्ये नेलं. पार्लरवाली दारातच आडवी आली. "इथं जेंट्सला घेत नाही, ताई."

"माझा भाऊ हाय. एक नख पाहिजे त्याला."

आत केसांना मेंदी लावून बसलेल्या दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. मला घाम फुटला. शेवटी पार्लरवालीनं मला खुर्चीत बसवलं, प्लॅस्टिकचं नख चिकटवलं, घासलं. तिथंच पाठीवरची गिटार काढून मी तार छेडली. आवाज टणक येत होता. तिनं आणखी घासलं.

"किती वेळ टिकेल?"

"भांडी घासणाऱ्या बायकांचं आठवडाभर टिकतं. तुमचं मला नाही सांगता येत."

संध्याकाळी मी जलद गाणी आधी घेतली, नख असेपर्यंत उरकावीत म्हणून. कान सुरांकडं नव्हतेच, त्या डिंकाकडं होते. शेवटच्या संथ गाण्यात नख उडालं आणि स्टेजवर कुठंतरी पडलं. थांबायची हिंमत नव्हती, म्हणून नुसत्या बोटाच्या मांसानं वाजवत राहिलो. आवाज एकदम बारीक झाला. साउंडवाल्यानं माझ्याकडं बघून माइक थोडा वाढवला. मी माइकजवळ सरकलो. हॉलमधली कुजबुज थांबली.

बाहेर ताई थांबली होती.

"शेवटचं चांगलं झालं," ती म्हणाली. "आधीचं सगळं तू लई घाईत वाजवलंस."

बोटावर उरलेला डिंक खरवडत मी तिच्याबरोबर घराकडं निघालो.