सासऱ्यांची नागीण

गोडदेवला आमच्या खोलीतच मी शिलाईकाम करते. बहुतेक ब्लाउज, अधूनमधून फॉल-पिको. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. मूळचे रायगडचे, सगळी नोकरी इथल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात गेलेली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या पाठीची उजवी बाजू दोन दिवस जळत होती, पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शर्टसुद्धा अंगाला लावून घेईनात, तेव्हा मी पाहिलं. पाठीपासून बरगडीवरून पोटाकडे लाल पट्टा आला होता आणि त्यावर पाणी भरलेले फोड.

"नागीण आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला."

हे त्यांनी लहानपणी गावात ऐकलं होतं. शेजारणीने जवळच्या मुर्धा गावातला एक माणूस सुचवला, तो मंत्र टाकून गेरू लावायचा. बाबा लगेच चप्पल घालून तयार. मी म्हटलं, आधी डॉक्टर, मग तुम्हाला मुर्ध्याला मी स्वतः घेऊन जाते. वाटेत रिक्षात त्यांनी मला गावच्या जमिनीचे कागद कुठे ठेवलेत ते सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फोड पाहून त्यांनी विचारलं, काका, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? आल्या होत्या, सात-आठ वर्षांचे असताना. त्या म्हणाल्या, मग हा तोच व्हायरस. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो गेला नव्हता, पाठीच्या कण्याजवळ एका नसेच्या मुळाशी झोपून राहिला होता. वय झालं, अंगातली ताकद थोडी कमी पडली, तसा जागा झाला आणि त्याच नसेवरून बाहेर आला. ती नस उजव्या बाजूची, म्हणून पट्टाही उजव्याच बाजूला. पलीकडे जाऊन जुळणार कसा?

बाबांचा चेहरा एकदम सैल झाला. मग त्यांना प्रश्न सुचायला लागले. बाईंनी कागदावर एक गोल काढला. बाहेर तेलकट पातळ आवरण, आत प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांचं कवच आणि त्याच्या आत एक धागा. त्या धाग्यावर नवा व्हायरस बनवायची सगळी माहिती. पण बनवायला त्याच्याकडे स्वतःचं फारसं काही नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच सामानातून, तिलाच राबवून स्वतःच्या प्रती काढून घेतो.

"म्हणजे कारखाना आपला, माल त्याचा," बाबा म्हणाले.

"बरोबर. आणि ही गोळी त्या कारखान्यात खोटा सुटा भाग पाठवते."

तो भाग अगदी खऱ्यासारखा दिसतो, म्हणून व्हायरस तो आपल्या नव्या धाग्यात जोडतो. पण त्याला पुढचा भाग जोडायची सोयच नसते, धागा तिथेच थांबतो. मला चटकन समजलं. हूक लावला, पण पुढे काजच केलं नाही, तर ब्लाउज बंद होणार कसा? शिवाय त्या गोळीला कामाला लावतो तो व्हायरसच, त्यामुळे धडधाकट पेशींना सहसा त्रास होत नाही. मात्र लवकर सुरू करायला हवी. आम्ही वेळेत आलो होतो.

सात दिवस, दिवसातून पाच वेळा. मी मशीनवर वेळांचा कागद चिकटवला. चौथ्या दिवशी उत्तनची एक गरोदर मुलगी ब्लाउजचं फिटिंग बघायला आली. फोडांतल्या पाण्यातून, कांजिण्या न झालेल्याला त्या होऊ शकतात आणि गरोदरपणी ते जास्त धोक्याचं, हे बाईंनी बजावलं होतं. मी काही बोलायच्या आत बाबाच आतून म्हणाले, "बाळा, दारातच थांब. तुला कांजिण्या झाल्यात का?" तिला ठाऊक नव्हतं. बाबांनी लांबूनच तिला सगळी हकिकत सांगितली. फिटिंग मी शेजारणीच्या घरी घेतलं.

नवीन फोड यायचे थांबले, जुन्यांवर खपल्या धरल्या. ठणका मात्र महिनाभर राहिला, बाबा रात्री कूस बदलताना कण्हायचे. तो व्हायरस पुन्हा नसेत झोपलाय, कायमचा गेलेला नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मुर्ध्याचं नाव मात्र बाबांनी पुन्हा काढलं नाही.

बरे झाल्यावर ते कॅरम खेळायला जाऊ लागले आणि तिथे त्यांची व्याख्यानं सुरू झाली. एके दिवशी त्यांच्या जोडीदाराच्या कमरेवर लाल पुरळ दिसलं. बाबांनी डाव अर्धवट सोडून त्याला रिक्षात घातलं आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत धाग्यापासून खोट्या भागापर्यंत सगळं समजावलं. बाईंनी भिंग लावून नीट पाहिलं.

ढेकूण चावले होते.