तोरानोमोनचा शिपाई

आईचा नियम होता, अमावास्येला प्रवास करायचा नाही. मी पुण्याहून तोक्योला आले तेव्हा हट्टानं अमावास्येचंच तिकीट काढलं होतं. सांगायचं इतकंच, की असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली मी नाही. आजही नाही... निदान तसं म्हणते तरी.

मोठा भूकंप झाला त्या वर्षीचा, २०११चा डिसेंबर. मी आणि नवरा तोक्योच्या कोतो भागात एका अपार्टमेंटमध्ये आठव्या मजल्यावर राहायचो. पहिल्या मजल्यावर तानिगुची-सान. ऐंशी ओलांडलेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही. मार्चमध्ये सगळं हादरलं तेव्हा लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही, नवरा ओसाकाला अडकलेला — आणि हा म्हातारा माणूस पाण्याचे कॅन घेऊन जिने चढत आमच्या दारात आला होता. तेव्हापासून रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जपानी बोलण्याचा सराव करायला जायची. आल्याचा चहा मी करायची, ते माझ्या चुका सुधारायचे. परक्या देशात आजोबा मिळाल्यासारखं झालं होतं.

माझ्या कंपनीच्या एका क्लायंटचं ऑफिस तोक्योतच, तोरानोमोन भागात. वर्षाखेरची मीटिंग आटोपून मी चौकात सिग्नलला उभी होते. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. एकदम आजूबाजूच्या सगळ्यांचे मोबाईल ओरडायला लागले — भूकंपाचा अलर्ट. त्या वर्षी त्याची इतकी सवय झाली होती की कुणी किंचाळलं नाही, सगळे जागच्या जागी थांबले. जमीन हलकीशी हलली. मी सिग्नलचा खांब धरला... आणि आवाज बंद झाले. मोबाईलचे, गाड्यांचे, सगळेच.

माझ्या पुढे माणसं ओळीनं उभी होती. जाड जुने कोट, किमोनो, आणि सगळ्यांच्या माना खाली. रस्त्यावरून एक गर्द तांबडी, जुन्या घडणीची मोटार सावकाश येत होती. गर्दीकडे तोंड करून एक पोलीस शिपाई उभा होता, अगदी तरुण, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मान वर असलेली माणसं दोनच — तो, आणि माझ्या डावीकडचा एक सडपातळ मुलगा. त्या मुलाच्या रेनकोटाखालून काठीसारखं काहीतरी डोकावत होतं.

शिपायाची नजर त्या काठीवर गेली. मग मुलाच्या चेहऱ्यावर. शिपायानं तोंड उघडलं, हातही थोडा उचलला... आणि तसाच राहिला. मुलगा ओळीतून वाकून धावला. फळी मोडावी तसा आवाज झाला. मोटारीच्या काचेला तडा गेला. मोटार थांबली नाही. शिपाई अजून तसाच — हात अर्धा वर, तोंड उघडं.

मग सिग्नल हिरवा झाला. बाजूच्या बाईनं विचारलं, "दाइजोबु देसु का?" बरी आहेस ना? मी खाली बसले होते.

नवरा म्हणाला, "झोप नाही, वर्षभर हादरे... मेंदू थकतो गं." मलाही ते पटलं. तरी रविवारी चहा पिताना मी तानिगुची-सानना सगळं सांगितलं. जरा धीर वाटावा म्हणून. या सगळ्यामागं काही इतिहास आहे हे मला ठाऊकच नव्हतं, आईशप्पथ.

ते कप धरून ऐकत होते. मी म्हटलं, "तो शिपाई मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. त्याची उजवी भुवई मधोमध तुटलेली होती, पांढऱ्या व्रणानं."

त्यांनी कप खाली ठेवला.

"कंदिलाची काच फुटली होती," ते म्हणाले. "लहानपणी."

"कुणाच्या?"

"बाबांच्या."

मग ते बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतरची गोष्ट, त्यांच्या जन्माआधीची. तोरानोमोनला एका तरुणानं जपानच्या युवराजांच्या मोटारीवर काठीत दडवलेल्या बंदुकीतून गोळी झाडली. युवराजांना खरचटलंही नाही. तो तरुण फासावर गेला. त्याच्या बापानं स्वतःला घरात कोंडून घेतलं आणि तसाच मेला. त्या तरुणाला शाळेत शिकवलेल्या शिक्षकांनी नोकऱ्या सोडल्या. बंदोबस्तावरच्यांना शिक्षा झाल्या, त्यात तानिगुचींचे वडील. नोकरी गेली, गाव तुटलं, आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं.

"ज्याच्यावर गोळी झाडली तो तेवढा वाचला," ते म्हणाले. "पुढे तो सम्राट झाल्यावर एका कोरियन माणसानं राजवाड्याजवळ त्याच्या मिरवणुकीवर बॉम्ब टाकला. तोही फसला. आई सांगायची, ती बातमी ऐकून बाबांनी एकच विचारलं — तिथे शिपाई कोण होता?"

मी त्यांच्या कपात चहा ओतला.

"बाबा मरेपर्यंत म्हणत होते, मला तो दिसलाच नाही. शाळेत मुलं मारायची तेव्हा मीही तेच ओरडायचो. बाबांना दिसला नव्हता! सत्तर वर्षं मी तेच धरून आहे, मेधा-सान." मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाबा त्याच्याकडे किती वेळ बघत होते?"

"तानिगुची-सान, मला चक्कर आली होती. भास असेल. मी दमले होते हो..."

"मग भुवईचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी माझा कप बाजूला सारला. मग म्हटलं, "ओरडता आलं असतं, इतका वेळ."

त्यांनी कमरेत वाकून माझे आभार मानले. ते वाकणं मला अजून सहन होत नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी इंटरकॉमवरूनच सांगितलं, सर्दी आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग मी जायचं थांबवलं. उन्हाळ्यात ते गेले. दोन दिवस कुणाला कळलं नाही. बिल्डिंगच्या केअरटेकरनं मला आत बोलावलं, ओळखीची म्हणून. घर नीटनेटकं होतं. त्यांच्याकडे वाडवडिलांचं छोटं देवघर होतं, बुत्सुदान म्हणतात त्याला; बाबांचा फोटो त्यातच असायचा. त्याची दारं बंद होती आणि बाहेरून चिकटपट्टी लावलेली होती. पट्टीवर धूळ बसली होती, म्हणजे बरेच महिने.

मी डॉक्टरांना विचारलं, त्या घटनेबद्दल सापडेल ते वाचलं. शिपायाच्या भुवईबद्दल कुठेही काही नाही. ते मला का दिसलं, आणि दिसायचंच होतं तर मला का, त्यांना का नाही... कुणाला कळलं तरी आता मला सांगू नका. ज्यांना सांगायला हवं होतं, ते राहिले नाहीत.