आत्याबाईंचा पाय

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही एवढं सोडून बाकी सगळं बोलले. आता तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगते — मधेच थांबले तर थांबू द्या.

आधी माझी बढाई ऐका. ती खोटी नाही. शुक्रवार पेठेत कुणाचा खांदा धरला, कुणाची कंबर लचकली, तर माणसं आधी माझ्या ओसरीवर येतात. माझे वडील अक्कलकोटकडच्या खेड्यात हाडवैद होते. हाड कसं चाचपायचं, कसं बसवायचं, हे मी परकरात असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून शिकले. गिरणीत दिवसभर उभं राहून पाठ मोडलेले बाप्ये, मागावर बसून आखडलेल्या बाया — मी सगळ्यांना उठवलं आहे. हो, मला अभिमान आहे. का नसावा?

मी रोग्यांना सांगते ते फार अवघड नाही. दुखणं दोन जातीचं असतं. एक कळ अशी येते की जीव कासावीस होतो — तिचं ऐकायचं, थांबायचं. दुसरं दुखणं नुसतं कुरकुरत राहतं, आणि त्याचे लाड केले की माणूस अंथरुणालाच खिळतो. हाड जुळेपर्यंत पाय निवांत ठेवा. जुळलं की पडल्या पडल्या टाच पुढेमागे करा, मग गुडघा दुमडा, मग भिंतीला धरून उभे राहा, मग दारापर्यंत चाला. रोज कालच्यापेक्षा थोडं जास्त. पडून राहिलेल्या मांडीचं मांस बघता बघता उतरतं, ते परत चढायला जन्म जातो. शेजारच्या बोळातली नरसम्मा, तेलुगू विणकराची बायको, पाय मोडून घेऊन माझ्याकडे आली होती. हाड जुळलं तरी 'नोप्पी, नोप्पी अक्का' म्हणून रडायची — दुखतंय म्हणायची. मी तिला रागावून रागावून चालायला लावलं. दिवाळीच्या आत ती परत मागावर बसली.

मग एवढं सगळं कळणाऱ्या बाईने — नाही, आधी आत्याबाईंचं सांगायला हवं.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. मोठी खमकी. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी बजावलं की परक्यांचे पाय चोळायला सून आणलेली नाही. बारा वर्षं माझे हात भाकरी थापत आणि भांडी घासत राहिले. शेजारी कुणी कण्हत असलं तरी मी उंबरा ओलांडायचा नाही. येत असलेली गोष्ट करू न देणं म्हणजे काय, तुम्हाला कुणी तसं केलं आहे का कधी?

मग एका सकाळी पाण्याची घागर घेऊन येताना आत्याबाई पायरीवर घसरल्या. नडगीचं हाड मोडलं. मीच ते बसवलं, बांबूच्या कामट्या लावून बांधलं. बघायला आलेल्या बायांनी माझा हात पाहिला आणि चार दिवसांत ओसरीवर माणसं यायला लागली. नवऱ्याने आडकाठी केली नाही. आत्याबाई आतल्या खोलीतून ओरडायच्या, "उठू दे मला एकदा, मग बघते कोण येतंय दारात!"

हाड झकास जुळलं. दोन महिन्यांनी पट्टी सोडून बोट फिरवलं आणि मला कळलं. वडिलांनीसुद्धा इतकं सरळ बसवलं नसतं. बाहेर तिघी-चौघी माझी वाट बघत बसल्या होत्या. मी कामट्या परत बांधल्या आणि म्हणाले, "अजून कच्चं हाय. पाय हलवायचा न्हाय."

झालं. सांगितलं. पण हे अर्धंच आहे, आणि सोपं अर्धं.

मी त्यांची सेवा मात्र अशी केली की पेठेत नाव झालं. रोज कूस बदलायची, पाठीला तेल लावायचं, अंगावर एक व्रण उठू दिला नाही. सून असावी तर अशी, असं बाया म्हणायच्या. मी मान खाली घालायचे, आणि आतून सुखावायचे. 'अजून महिनाभर' म्हणता म्हणता चार महिने झाले. कोण विचारणार होतं? हाडातलं कळणारी घरात मीच.

एका दुपारी मी गिरणीच्या चाळीत कुणाची आखडलेली मान सोडवून घरी आले. बघते तर आत्याबाई खांबाला धरून उभ्या. कामट्या सोडून बाजूला ठेवलेल्या, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट. चेहरा घामाने निथळत होता आणि त्या हसत होत्या. बारा वर्षांत माझ्याकडे बघून त्या अशा हसल्या नव्हत्या.

"बघ की! नरसम्माला सांगत हुतीस ते समदं आतनं ऐकलं मी. पांघरुणाखाली रोज केलं. लई गुण हाय गं तुझ्या सांगण्यात."

मला घाबरण्यासारखं काही उरलं होतं का? नव्हतं. आता ही बाई माझी ओसरी बंद करणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरीही मी किंचाळले, "काय केलंसा हे! हाड परत हाललं असंल. आता दवाखान्यात न्हेऊन पाय कापत्याल!"

भीती नव्हती ती. बारा वर्षांचा राग होता. घर माझ्या हातात आलं होतं आणि ते मला सोडवत नव्हतं.

त्या खांबाला टेकून तिथेच खाली बसल्या. मी धरून निजवलं. माझं मनगट घट्ट धरून त्यांनी एवढंच विचारलं, "खरंच गं?"

मी "व्हय" म्हणाले.

त्यानंतर त्या सहा वर्षं जगल्या. एकदाही पाऊल टेकलं नाही. मांड्यांचं मांस उतरलं — उतरणार हे मला माहीतच होतं. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, माझ्या सुनेनं येळेवर बघितलं म्हणून पाय तरी राहिला. ओसरीवर कुणी कण्हलं तर आतून हाक मारून धीर द्यायच्या, "ती म्हणंल तसं करा." त्यांना माझा अभिमान होता. माझ्याइतकाच.

मी किती माणसं उभी केली त्याची मोजदाद नाही. कुणाला हात देऊन, कुणाला दटावून, कुणाच्या रडण्याकडे कानाडोळा करून. उभं राहायला माझा हात न घेता, नुसतं भिंतीपलीकडून माझं बोलणं ऐकून उभ्या राहिल्या त्या एकट्या आत्याबाई. माझ्या सगळ्या रोग्यांत त्यांच्या तोडीचं कुणी झालं नाही. त्या नीट उभ्या होत्या. मी त्यांना निजवलं.